गुडघाभर पाण्यातली मासेमारी

फ्लोरिडाची मुख्य भूमी दक्षिणेला जिथं संपते, तिथून नैर्ऋत्येकडे लहान-लहान बेटांची रांग सुरू होते. ही फ्लोरिडा कीज. अमेरिकेचा एक क्रमांकाचा महामार्ग या बेटांवरून आणि मधल्या पुलांवरून थेट की वेस्टपर्यंत जातो. रस्त्याच्या साधारण मध्यावर, की वेस्टपासून मोजलं तर सदुसष्टाव्या मैलाच्या आसपास, लाँग की नावाचं बेट लागतं. एका अंगाला अटलांटिक महासागर, दुसऱ्या अंगाला फ्लोरिडा बे. या उपसागराची सरासरी खोली जेमतेम एक मीटर आहे. अटलांटिकच्या बाजूलाही ओहोटीच्या वेळी किनाऱ्यापासून बरंच आत चालत गेलं तरी पाणी गुडघ्याच्या वर येत नाही. खाली पांढरी वाळू, समुद्री गवत आणि मधूनच टणक चुनखडीचा तळ. अशा उथळ पट्ट्याला तिकडे फ्लॅट म्हणतात.

माझा शाळेपासूनचा मित्र बरीच वर्षं मायामीजवळ राहतो. आम्ही दोघंही मूळचे मालवणचे. लहानपणी खडकावर बसून गरी टाकली, त्यामुळे मासेमारी आम्हाला नवी नव्हती. पण फ्लॅटवर कायाक नेऊन, पिसं बांधलेल्या गरीनं (याला फ्लाय फिशिंग म्हणतात) बोनफिश नावाचा मासा धरणं ही वेगळी विद्या आहे, आणि ती त्यानं मला शिकवली. मालवणला आपण मासा असेल अशा जागी गरी टाकतो आणि वाट पाहतो. इथं आधी मासा डोळ्यांनी पाहायचा आणि मगच फेक करायची. मासा दिसल्याशिवाय गरी पाण्यात पडत नाही. या एका नियमातून बाकीचं सगळं निघतं: वेळ, होडी, चष्मा, काठी आणि सोबत कुणीतरी असण्याची गरजसुद्धा.

आधी भरती-ओहोटीचं पाहू. मालवणच्या उधाणात पाणी दोन मीटरच्या आसपास चढतं-उतरतं. कीजमध्ये अटलांटिकच्या बाजूला हा फरक दोन-अडीच फुटांचाच. पण तळ इतका सपाट की तेवढ्या दोन फुटांत कोरडी वाळू आणि मांडीभर पाणी एवढा फरक पडतो. ओहोटीला बोनफिश फ्लॅटच्या कडेच्या खोल चरांत थांबलेले असतात. पाणी चढायला लागलं की त्याच्याबरोबर वर येतात, कारण वाळूत आणि गवतात लपलेले खेकडे, कोळंबी, शिंपले आता त्यांच्या आवाक्यात येतात. भरतीचा पहिला प्रहर म्हणूनच मोलाचा: मासे नुकतेच वर आलेले, भुकेले, आणि पाणी इतकं थोडं की ते लपत नाहीत. भांगाच्या दिवसांत पाणी अर्धवटच चढतं, तेव्हा उंचवट्यांवर मासे येतच नाहीत. मग कडेकडेनं शोधावं लागतं. आणखी एक गोष्ट नवख्याला चकवते. महासागराच्या बाजूची भरती आणि उपसागराच्या बाजूची भरती एका वेळी होत नाही. मधल्या पुलांखालून त्यामुळे जोराचा ओढा वाहतो. कायाक घेऊन पुलाखालून जायचं तर आधी तक्ता पाहायचा, आणि तो नेमका आपल्या जागेचा आहे ना, हेही.

आता मासा. बोनफिशचं शास्त्रीय नाव आल्ब्युला व्हल्पेस. लांबट, दोन-तीन किलोचा, दोन्ही टोकांना निमुळता. तोंड खालच्या अंगाला, कारण त्याचं अन्न तळात. टाळूवर आणि जिभेवर गोलसर बोथट दात असतात. खेकड्याचं कवच तो त्यांनी दळतो. उथळ पाण्यात तोंड खाली खुपसून तो चरू लागला की शेपटी पाण्याबाहेर येते आणि उन्हात चमकते. फ्लॅटवर येणारा माणूस या शेपटीसाठीच येतो. पण शेपटी दिसणं हे भाग्याचं. बहुतेक वेळा मासा अख्खा पाण्याखाली असतो आणि त्याच्या अंगावरचे खवले म्हणजे अक्षरशः बारीक आरसे. वाळूवर तो वाळूच्या रंगाचा, गवतावर गवताच्या रंगाचा. त्याला पाहण्याचा प्रयत्न केला तर तो दिसत नाही. त्याची सावली दिसते. तळावरून सरकणारा गडद डाग हा मासा, आणि त्याच्या वर काहीच नाही असं जे वाटतं, तो त्याचा देह. कळप असेल तर पाण्याच्या पृष्ठावर एक थरथर चालत जाते, वाऱ्याच्या लहरींपेक्षा वेगळ्या दिशेनं. आणि ताजा गढूळ ढग उठलेला दिसला तर तिथं नुकताच कुणीतरी तळ उकरला आहे.

एवढ्या उथळ पाण्यात तो येतो तो जीव मुठीत घेऊनच. वरून ऑस्प्रे आणि पेलिकन, मागून लेमन शार्क आणि बॅराकुडा. खोल पाण्यातल्या माशाला खाली बुडी मारता येते, याला खाली जागाच नाही. म्हणून किंचित शंका आली की तो पळतो, आणि एक पळाला की कळप पळतो.

तर प्रश्न असा: आपण त्याला पाहायचं, पण त्यानं आपल्याला पाहता कामा नये. या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध आहेत आणि त्यामागचं प्रकाशशास्त्र समजलं तर फ्लॅटवरचं निम्मं वागणं आपोआप सुधारतं. म्हणून इथं जरा थांबतो.

पाण्यातला मासा वर पाहतो तेव्हा त्याला बाहेरचं जग संपूर्ण पृष्ठभागातून दिसत नाही. प्रकाश हवेतून पाण्यात शिरताना वाकतो, त्यामुळे क्षितिजापासून क्षितिजापर्यंतचं सगळं दृश्य त्याच्या डोक्यावरच्या सुमारे ९७ अंशांच्या शंकूत कोंबलं जातं. शंकूबाहेरच्या पृष्ठभागावर त्याला तळाचंच प्रतिबिंब दिसतं. दीड फूट खोलीवरच्या माशाची ही गोल खिडकी साडेतीन फूट रुंदसुद्धा नसते. डोक्यावरच्या वस्तू खिडकीच्या मध्यभागी स्पष्ट दिसतात. क्षितिजालगतच्या वस्तू कडेला चेपलेल्या आणि अंधुक, कारण इतक्या तिरक्या कोनातून आलेला बराचसा प्रकाश पृष्ठभागावरूनच परतून जातो. कोळी-नावाड्यांना हे मोजमापाशिवाय माहीत असतं. फ्लाय फिशिंग करणारे त्याचा हिशेब ठेवतात. पृष्ठभागापासून दहा अंशांच्या खाली जे आहे, ते माशाला जवळजवळ दिसत नाही, असा त्यांचा ठोकताळा.

आता आकडे घालून पाहा. कायाकमध्ये बसलेल्या माणसाचं डोकं पाण्यापासून साधारण तीन फुटांवर. मासा चाळीस फुटांवर असेल तर हा कोन चार अंशांच्या थोडा वर भरतो. कायाकवर उभं राहिलं तर डोकं सहा फुटांवर आणि कोन साडेआठ अंश. इंजिनाच्या फ्लॅट-होडीला मागं उंच मचाण असतं, त्यावरच्या वाटाड्याचं डोकं दहा फुटांच्या आसपास, म्हणजे चौदा अंश. तो माशाला दिसतो. म्हणून मोठ्या होडीतून साठ-सत्तर फूट फेक करावी लागते, आणि कायाकमध्ये बसलेला माणूस वीस-पंचवीस फुटांपर्यंत सरकू शकतो. नवशिक्यासाठी हा फार मोठा फायदा आहे, कारण सत्तर फूट फेक यायला काही वर्षं जातात. तीस फूट फेक आठवड्याभरात जमते.

पण हाच कोन आपल्या डोळ्यांच्या मुळावर येतो. पाण्यावरून परावर्तित झालेला चकचकाट पोलराइज्ड चष्मा अडवतो, हे खरं. तो सर्वांत चांगला अडवतो ते आपण पृष्ठभागाकडे सुमारे ३७ अंशांतून पाहत असू तेव्हा. कोन जितका कमी, तितका त्याचा उपयोग कमी. चौदा अंशांवरही चष्मा चांगलं काम देतो. चार अंशांवर मात्र तो ज्या प्रकाशाला वाट देतो, त्यातलाही निम्म्याहून जास्त भाग पृष्ठभागावरून परतलेला असतो, आणि समोर नुसतं पांढरं आकाश पसरतं. थोडक्यात, कायाकमध्ये बसलं की आपण माशापासून लपतो आणि मासा आपल्यापासून.

याला काही उपाय एकट्यानं करता येतात. ऊन पाठीशी ठेवायचं. सकाळी नऊच्या आधी आणि दुपारी चारनंतर सूर्य इतका तिरका असतो की डाग-सावल्या नीट उमटत नाहीत, तेव्हा फक्त शेपट्या आणि लहरी शोधायच्या. चष्म्याची काच तांबूस किंवा अंबर रंगाची घ्यायची. राखाडी काच खोल समुद्राला ठीक. टोपीच्या कडेची आतली बाजू काळी हवी. आणि फारसं कुणी सांगत नाही असा एक उपाय: पांढऱ्या ढगाच्या दिशेनं पाहू नका, तिवरांच्या दिशेनं पाहा. पाण्यात हिरव्या-काळ्या झाडीचं प्रतिबिंब पडलेलं असलं की चकचकाट उरत नाही आणि तळ एकदम उघडा होतो. किनाऱ्यावर लाल मॅन्ग्रोव्हची रांग असलेले फ्लॅट मी म्हणूनच आधी निवडतो.

खरा उपाय मात्र दुसरा माणूस. आमची मांडणी अशी असते: दोन कायाक. मित्राची रुंद, तीन फुटांच्या आसपास पन्ह्याची, वर उभं राहता येईल अशी. माझी जरा अरुंद. तो माझ्या मागं, तिरपा, माशापासून नेहमी चाळीस फुटांच्या पलीकडे राहून उभा असतो, म्हणजे दहा अंशांच्या आत. त्याला दिसतं, मला दिसत नाही. मी पुढे, बसलेला, जवळ जाऊ शकणारा. एकजण डोळे, एकजण हात. काही वेळानं अदलाबदल. व्यावसायिक वाटाडे हेच काम पैसे घेऊन करतात आणि उत्तम करतात. पण आमच्यासारख्यांना, ज्यांना एकमेकांची फेक, घाई आणि उजवा-डावा गोंधळ चाळीस वर्षं माहीत आहे, त्यांना शब्द फार कमी लागतात.

शब्द थोडे असले तरी त्यांची पद्धत ठरलेली हवी. कायाकचं नाक म्हणजे बारा वाजले. उजवा हात तीन, डावा नऊ. "अकरा वाजता, तीस फूट, डावीकडे चाललाय." या तीन गोष्टी याच क्रमानं: दिशा, अंतर, माशाचं तोंड कुठं. ऐकणाऱ्यानं आधी काठीचं टोक त्या दिशेला करायचं, सांगणारा म्हणतो, "अजून डावीकडे, बस." मग पाहायचं. दिसला तर "दिसला" म्हणायचं, न दिसला तर तेही स्पष्ट म्हणायचं, कारण अंदाजानं फेकलेली दोरी कळपावर पडली तर अर्ध्या तासाची मेहनत संपली. हे सगळं हलक्या आवाजात. पाण्याबाहेरचं बोलणं पृष्ठभागावरून बहुतेक परततं, ते माशाला फारसं ऐकू जात नाही. पण कायाकच्या अंगावर वल्हं आपटलं, डबा सरकला, पाय घासला, तर ते थेट पाण्यात उतरतं, आणि पाण्यात आवाज हवेच्या चौपटीहून वेगानं जातो. म्हणून पाण्याची बाटली, पक्कड, डबी, सगळं फोमच्या किंवा फडक्याच्या थरावर ठेवायचं. वल्हं शेवटच्या टप्प्यात आडवं ठेवून द्यायचं आणि लांब काठीनं तळाला हळूच रेटा द्यायचा. थांबायचं तर तीच काठी वाळूत रोवून कायाक तिला बांधायची. नांगर टाकायचा नाही. त्याचा आवाज होतो आणि गवत उपटतं.

गवताचं बोलायलाच हवं. या फ्लॅटवरचं मुख्य गवत म्हणजे टर्टल ग्रास. त्याची मुळं-खोडं वाळूखाली आडवी पसरतात आणि तळ धरून ठेवतात. इंजिनाचा पंखा त्यातून गेला की खोडं कापली जातात आणि पांढरा चर उरतो. तो भरून यायला कित्येक वर्षं लागतात. विमानातून फ्लोरिडा बेकडे पाहिलं तर या चरांच्या रेघा दिसतात. एव्हरग्लेड्स राष्ट्रीय उद्यानात, उदाहरणार्थ स्नेक बाइट या भागात, इंजिन न वापरता काठीनं किंवा विजेच्या लहान मोटरीनंच जाण्याचे विभाग आखले आहेत. कायाकला चार-सहा इंच पाणी पुरतं आणि ती काहीही कापत नाही. माझ्या दृष्टीनं कायाक निवडण्याचं हे सर्वांत भक्कम कारण आहे; माशाजवळ जाता येतं हे त्याच्यानंतर.

काठी आणि दोरीकडे येतो. आपल्याकडच्या गळाच्या काठीत वजन गळाला असतं: शिसं किंवा चमचा फेकायचा, दोरी त्याच्यामागं जाते. फ्लाय फिशिंगमध्ये उलट. फ्लाय म्हणजे गरीवर बांधलेली पिसं, केस, थोडी चमकी. तिचं वजन ग्रॅमभरही नसतं, ती फेकलीच जात नाही. फेकायची असते दोरी. ही दोरी जाड, प्लास्टिकचा लेप दिलेली, आणि वजन तिच्यातच. बोनफिशसाठी आठ नंबरची काठी आणि आठ नंबरची दोरी लागते, आणि हा नंबर म्हणजे दोरीच्या पहिल्या तीस फुटांचं वजन: २१० ग्रेन, सुमारे साडेतेरा ग्रॅम. काठी नऊ फुटांची. आसूड मारताना हात थांबतो आणि वळण टोकापर्यंत धावत जातं, तसंच इथंही. काठी मागं न्यायची, झटकन थांबवायची, दोरी मागं पूर्ण उलगडेपर्यंत वाट पाहायची, मग पुढे आणून परत थांबवायची. शिकणारा चुकतो तो वाट पाहण्यात. मागची दोरी उलगडण्याआधी हात पुढे आला तर दोरीत जोरच साठत नाही.

बसून हे करताना एक अडचण वाढते. उभ्या माणसाची मागची दोरी डोक्यावरून जाते. बसलेल्याची पाण्याला टेकते आणि तिथंच जोर संपतो. म्हणून मागची फेक मुद्दाम उंच, जवळजवळ आकाशाकडे करायची, आणि फेऱ्या कमी. एक मागं, एक पुढे, गेली. हवेत दोरी चारदा नाचवली तर तिची सावली माशावरून चारदा जाते. वारा कीजमध्ये बहुतेक दिवस असतोच. तो फेकणाऱ्या हाताच्या बाजूनं येत असेल तर गरी कानात रुतण्याचा धोका. तेव्हा कायाक फिरवून घ्यायची किंवा दुसऱ्या खांद्यावरून फेकायचं. आणि सुटलेली दोरी पायाशी पडते तेव्हा कायाकमधल्या प्रत्येक खुंटीत, बकलात आणि सँडलच्या पट्ट्यात ती अडकायला बघते. मांडीवर आणि पुढच्या तळावर ओला टॉवेल पसरला की हा त्रास जवळजवळ जातो.

जाड दोरीच्या टोकाला नऊ-दहा फूट निमुळता पारदर्शक धागा, शेवटची जाडी दहा-बारा पौंड ताण सोसेल एवढी. त्याला फ्लाय. बोनफिशच्या फ्लाय बहुतेक कोळंबी किंवा खेकड्याच्या नकला. त्यांतली 'क्रेझी चार्ली' सर्वांत प्रसिद्ध. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात बॉब नॉहाइम यांनी बहामात ती बांधली आणि चार्ली स्मिथ या तिथल्या वाटाड्यावरून तिचं नाव पडलं. तिला मण्यांचे किंवा धातूचे लहान डोळे असतात. ते गरीच्या वरच्या अंगाला बांधले की फ्लाय उलटी होऊन बुडते, टोक वर राहतं आणि गवतात अडकत नाही. निवड करताना रंगापेक्षा वजन महत्त्वाचं मानावं. गुडघाभर पाण्यात हलके डोळे, मांडीभर पाण्यात जड. जड फ्लाय उथळ पाण्यात टपकन पडते, आणि त्या एका आवाजावर मासा जातो. रंग तळाचा: पांढऱ्या वाळूवर फिकट, गवतावर हिरवट-तपकिरी.

फेक माशावर नसते, त्याच्या वाटेवर असते. तो ज्या दिशेला चालला आहे तिथं, सहा-आठ फूट पुढे, आणि त्याच्या थोडी पलीकडे. फ्लाय तळाला बसू द्यायची. मासा जवळ आला की डाव्या हातानं दोरी वीतभर ओढायची. फ्लाय वाळूतून उडी घेते, थोडी धूळ उडते, घाबरलेली कोळंबी असंच करते. माशाकडे फ्लाय कधी सरकू द्यायची नाही, कारण कोळंबी आपण होऊन माशाच्या तोंडाकडे जात नाही. मासा वळला, वेग वाढला, मग अंग तिरकं झालं आणि शेपटी थरथरली, म्हणजे त्यानं तोंडात घेतली. या क्षणी मित्र मागून म्हणतो, "ओढ, लांब ओढ." काठी उचलायची नाही. नदीतल्या ट्राउटची सवय असलेले इथं काठी वर करतात आणि फ्लाय तोंडातून निसटते. दोरी सरळ हातानं ओढत राहायचं, ताण जाणवेपर्यंत. ताण जाणवला की मगच काठी.

त्यानंतर काही क्षण तुमच्या हातात फारसं काही नसतं. अडीच-तीन किलोचा मासा शंभर यार्ड दोरी एका दमात नेतो. त्यासाठीच रिळावर जाड दोरीच्या मागं दीड-दोनशे यार्ड बारीक धागा गुंडाळलेला असतो. पायाशी पडलेली दोरी सुरळीत वर जातेय याकडे पाहायचं, माशाकडे नाही. काठी उंच धरायची म्हणजे तिवरांच्या कोंबांना आणि स्पंजांना धागा घासणार नाही. कायाक रोवलेल्या काठीला बांधलेली असेल तर सोडायची. ती माशामागं ओढली जाते आणि तेवढाच धाग्यावरचा ताण कमी होतो. तळ टणक असेल तर मी उतरतो, कायाकची दोरी कमरेला बांधून. उतरताना पाय उचलून टाकायचे नाहीत, घासत न्यायचे, म्हणजे वाळूत दबलेला पाकट आधीच हलतो. आपल्याकडचे कोळीही पाकटापासून तेवढेच जपून असतात.

माशाला दमवून दमवून आणायचं नाही. जड काठी, पुरेसा ताण, शक्य तितक्या लवकर. बहामात शास्त्रज्ञांनी सोडलेल्या बोनफिशवर लक्ष ठेवून पाहिलं आहे: सोडताना ज्याचा तोल गेलेला होता, तो शार्क-बॅराकुडाच्या तोंडी जाण्याची शक्यता कितीतरी पटीनं जास्त होती. म्हणून गरीचा काटा आधीच पक्कडीनं दाबून टाकायचा. हात ओले करायचे. कोरड्या हातानं त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. मासा पाण्यातच ठेवायचा. फोटो हवाच असेल तर काही सेकंद, आणि मग दोन्ही हातांत धरून, तो स्वतः जोर करून निसटेपर्यंत थांबायचं. फ्लॅटवर शार्क फिरताना दिसला तर आम्ही दोऱ्या गुंडाळतो आणि जागा बदलतो. यात तडजोड नाही.

फ्लोरिडात २०१३पासून बोनफिश ठेवून घ्यायला कायद्यानंच बंदी आहे. आपल्या किनाऱ्यावरच्या माणसाला हे पटायला वेळ लागतो. खायचाच नाही तर धरायचा कशाला, हा माझ्या आईचा प्रश्न होता आणि तो मी झटकून टाकत नाही. माझं उत्तर एवढंच की या मासेमारीमुळे या पाण्याला पहारेकरी मिळाले. कीजमधल्या आयलामोराडात १९४७ साली जो ब्रूक्स यांनी वाटाडे जिमी ऑलब्राइट यांच्या सोबतीनं बोनफिश ठरवून फ्लायवर धरला, तेव्हापासून इथं वाटाड्यांच्या पिढ्या झाल्या. फ्लॅटवर रोज डोळे लावून बसणारी ही माणसं. मासे कमी झाले हे आधी त्यांनी ओळखलं. जानेवारी २०१०च्या थंडीच्या लाटेत कितीतरी मासे मेले, ते त्यांनी पाहिलं. उपसागरातलं टर्टल ग्रास १९८७मध्ये आणि पुन्हा २०१५मध्ये मोठ्या प्रमाणावर मेलं. एव्हरग्लेड्सच्या दलदलीतून येणारं गोडं पाणी कालव्यांनी दुसरीकडे वळवल्यामुळे उपसागर फार खारट होतो, आणि त्या पाण्यासाठी झगडणाऱ्यांत हे वाटाडे पुढे आहेत. फ्लोरिडा इंटरनॅशनल युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी दक्षिण फ्लोरिडातले ९३ बोनफिश तपासले तेव्हा एकेका माशात सरासरी सात औषधांचे अंश निघाले, एकात तर सतरा: रक्तदाबाची, नैराश्याची, जंतुसंसर्गाची औषधं. ती माणसांच्या सांडपाण्यातून आली. ते नमुने गोळा करायलाही मासेमार आणि वाटाडेच लागले.

आणि हा प्रश्न एका फ्लॅटपुरता राहत नाही. बोनफिश अंडी घालायला किनारा सोडतात. बहामात त्यांचे थवे रात्री खोल समुद्रावर जाऊन शंभर मीटरहून खाली उतरल्याचं नोंदलं गेलं आहे. पारदर्शक फितीच्या आकाराची पिल्लं दीड-दोन महिने प्रवाहाबरोबर वाहतात. लाँग कीच्या वाळूवर चरणारा मासा क्यूबा किंवा मेक्सिकोच्या बाजूला जन्मलेला असू शकतो. तिथलं संरक्षण ढिलं पडलं तर त्याचा परिणाम इथं दिसतो.

मुलांकडे किंवा मित्रांकडे फ्लोरिडाला जाणारे बरेच मराठी वाचक असतील. जाणार असाल तर एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर निवडा. पाणी थंड पडलं की हे मासे खोलात जातात, आणि जून ते नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा काळ आहे, तेव्हा ऑक्टोबरात हवामानाचा अंदाज रोज पाहा. मासेमारीचा खाऱ्या पाण्याचा परवाना राज्याच्या मत्स्य व वन्यजीव आयोगाकडून ऑनलाइन मिळतो. बाहेरच्या माणसाला तीन दिवसांचा, सात दिवसांचा किंवा वर्षाचा घेता येतो. जीवरक्षक जाकीट आणि शिट्टी कायाकमध्ये असलीच पाहिजे. उन्हाळ्यात दुपारी ढग गडगडले की नऊ फुटी काठी हातात धरून सपाट पाण्यावर थांबू नका, लगेच किनारा गाठा. माणशी तीन-चार लिटर पाणी, पूर्ण बाह्यांचा शर्ट. आणि फेक आधी शिकून जा: घराजवळच्या मैदानात, गरीऐवजी लोकरीचा तुकडा बांधून, खुर्चीवर बसून. बसून तीस फूट फेकता आलं की तुमची तयारी झाली. मग जो माणूस तुम्हाला "थांब" म्हणाला तर तुम्ही खरोखर थांबाल, असा एखादा जुना मित्र सोबत घ्या.